विहिरीतले ठोके

रुखमा विहिरीच्या काठावर उपडी पडून आत मान घालायची आणि मंगली तिचे दोन्ही पाय धरून बसायची. विहीर खोल आणि कोरडी ठणठणीत. एकीचा तोल गेला असता तर दुसरीनं तिला धरून ठेवलं असतं की तिच्यामागून उडी टाकली असती, हे त्या दिवसांत कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं.

“हाय का वो बाई?” मंगली विचारायची.

“हाय.”

“तीनच?”

“तीनच. मंग थांबते. मंग पुन्हा तीन.”

मंगली डोळे मिटून श्वास सोडायची. मग दोघी उठायच्या, लुगड्यांची धूळ झटकायच्या आणि खाणीच्या स्विचघराच्या दारात बसलेल्या बायांना जाऊन सांगायच्या की माणसं अजून जिती आहेत.

सात माणसं होती. चौऱ्याऐंशीचा पोळा नुकताच झाला होता. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल अजून पोरांच्या हातात होते, आणि एका सकाळी आंबेटोला खाणीच्या खालच्या गल्लीत, म्हणजे भुयारात, नाल्याचं पाणी घुसलं. पाण्यामागून छत बसलं आणि वाट बुजली. वरच्या अंगाला होते ते धावत बाहेर आले. खालचे सात आले नाहीत. त्यांत रुखमाचा सोमाजी होता, खाणीचा लाकूडमिस्त्री, छताला टेकू देणारा; आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या मंगलीचा लच्छू, कोळसा भरणारा.

आता हे तीन ठोके काय, ते सांगायला हवं. खालून वर निरोप द्यायची या खाणीत एकच रीत होती. उतरणीवर लोखंडी पट्टी टांगलेली असे, तिच्यावर सळीनं ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे कोळसा येतो. तीन म्हणजे माणसं वर येऊन राह्यली. ही रीत पुढे खाणीतून घरात आली. पाळी संपवून आलेला माणूस आपल्या दारावर तीनदा ठोकायचा, आणि बायको चुलीपुढून न उठता ओळखायची की आला बाप्पा एकदाचा. दोनदा ठोकणारा म्हणजे पाहुणा, आणि ठोकतच राहणारा म्हणजे पिऊन आलेला पाहुणा. आंबेटोल्याच्या बायांना घड्याळ कळत नव्हतं असं नाही, पण त्यांचा जीव भांड्यात पडायचा तो त्या तिसऱ्या ठोक्याला.

तसं पाहिलं तर आंबेटोला म्हणजे आधी काय होतं? एक नाला, मोहाची झाडं, गोंडांची थोडी घरं, पलीकडे बौद्धांची वस्ती, भाताच्या बांध्या आणि गोड्या पाण्याची ही एक विहीर. मग जमिनीखाली कोळसा आहे असं कळलं. आधी ठेकेदार आला, मागून खाण सरकारी झाली. जमिनी गेल्या आणि घरटी एक माणूस नोकरीला लागला. काय थाट वाढला म्हणता! क्वार्टरांच्या ओळी, दारात नळ, घरात दिवा, शुक्रवारचा बाजार. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातले लोक, एरवी कोणाला न जुमानणारे, आंबेटोल्याच्या पोरींसाठी सोयरीक घेऊन यायला लागले. हिवाळ्यात वडशाची नाटक मंडळी मुक्काम ठोकायची, तेव्हा पुढच्या खुर्च्या खाणवाल्यांच्या. बौद्धवस्तीनं पक्क्या विटांचा विहार बांधला, आणि त्याच्या दाराची चौकट सोमाजीनं स्वतः रंधा मारून बसवली. गाव जरासं माजलंच म्हणा. पण पिढ्यान्‌पिढ्या पोट पाठीला लागलेल्यांनी चार दिवस माज केला, तर कोणाचं काय गेलं?

विहीर मात्र आटली. खाण चालवायची तर जमिनीतलं पाणी उपसत राहावं लागतं. उपशानं आसपासचे सगळे झरे ओढून घेतले. एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला आणि नंतर कुठल्याच पावसानं ती भरली नाही. म्हातारी माणसं हळहळली. बाकीच्यांनी नळ सोडला आणि हसून म्हटलं, हिच्यात आता बकरी पडू नये एवढं पाहा.

अशा गावावर ते पाणी आलं. घर फिरलं की वासे फिरतात, तसं आंबेटोल्याचं झालं. खालचे मोठे पंप पहिल्या दिवशीच बुडाले. मग साहेब लोकांनी भंगारातून एक जुना पंप ओढून काढला, वरच्या गल्लीत बसवला आणि त्याचा नळ विहिरीला खेटून असलेल्या जुन्या बोअरमधून वर काढून नाल्यात सोडला. तेवढ्यानं पाणी चढायचं थांबलं, उतरलं मात्र नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं आपटायला एकान्त हवा म्हणून विहिरीपाशी गेलेल्या रुखमाला आतून आवाज आला.

ठक्. ठक्. ठक्.

ती धावतच सुटली. “जिते हायत! माया माणूस जिता हाय! ठोकून राह्यला!” सगळं गाव विहिरीवर लोटलं. ज्यानं त्यानं वाकून ऐकलं. बाया रडल्या, आणि ढसाढसा रडणाऱ्या पुरुषांकडे कोणी पाहिलं नाही. मॅनेजर साहेबालाही बोलावून आणलं. तो वाकला, आवाज ऐकला, रुमालानं मान पुसत म्हणाला, “भास आहे. दगडातून काय काय आवाज येतात. आत कोणी जिवंत राहू शकत नाही.” याच साहेबानं पावसाळ्याच्या तोंडावर सांगितलं होतं, की नाल्याची काळजी करू नका. तेव्हा त्याच्या ‘नाही’वर कोण विश्वास ठेवणार? आणि भास एकाला होईल. सगळ्या गावाला एकाच वेळी तीन-तीन ठोक्यांचा भास होतो काय?

चार दिवसांनी वरून हुकूम आला: पंप बंद करा, खाणीची तोंडं विटांनी बुजवा. त्या दिवशी बाया स्विचघराच्या दारात जाऊन बसल्या. पंपाचं बटण तिथे होतं. रुखमा उंबऱ्यावरच बसली आणि साहेबाला म्हणाली, “पंप बंद कराचा असन तं मायावर पाय देऊन आत जा.” साहेब पाय द्यायला धजला नाही. युनियनचे वामनराव आले, गळ्यातला गमछा सावरून त्यांनी भाषण केलं, आणि धरणं सुरू झालं.

दिवस जात राहिले. मोठे पंप बुडाले तसे नळ कोरडे पडले होते. नाल्याचं काळं पाणी गाळून प्यायलेली पोरं हगवणीनं झडत होती. चुली एका वेळेला पेटत, कधी त्याही नाही. आणि एवढे दिवस माणूस अन्नावाचून कसा राहील, हा प्रश्न प्रत्येकीच्या घशात अडकलेला असूनही एकीनंही तो जिभेवर येऊ दिला नाही. उलट बाया हिशेब जुळवत. डब्यात भाकरी होत्या. ठिबकणारं पाणी असणारच. आणि सतत ठोकतात तरी कसे, तर पाळी लावली असेल. खाणीतली माणसं ती, मरणाच्या दारातही पाळी चुकवायची नाहीत. रुखमाला तर ठोका ऐकून कळायचं की आता सोमाजीची पाळी आहे. तो हात जरा जड होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीसुद्धा नव्हती, नुसता काडीचा आवाज होता.

एका दुपारी मंगली पोराला तापात घेऊन बसली होती, म्हणून रुखमा एकटीच विहिरीवर गेली. मान आत घालून पडली. ठोके चालू होते. तिनं नेहमीसारखं खाली तोंड करून सांगितलं, “धीर सोडू नका जी, आमी बसलो हावो.” आणि ठोके थांबले.

ती वाट पाहत राहिली. कानात आपल्याच रक्ताचा आवाज येत होता, बाकी काही नाही. “अवो!” तिनं हाक मारली. “अवो, ठोका ना! एक तं ठोका!” विहिरीनं तिचीच हाक परत केली. आपल्या डोळ्यांदेखत, कानांदेखत नवरा गेला अशी तिची खात्री झाली. ती उठली, पडली, पुन्हा उठली आणि खाणीच्या तोंडाकडे पळाली.

तोंडाशी पंपाचा खलाशी पत्रू बसला होता. हा पत्रू रोज जीव मुठीत धरून वरच्या गल्लीत जायचा आणि पंपाला तेलपाणी करायचा. त्याच्या मांडीवर चामड्याचा तुटका पट्टा होता.

“पत्रूभाऊ, थांबले गा! ठोके थांबले! काहीतरी कर!”

पत्रूनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “पट्टा तुटला, बाई,” तो म्हणाला. “पंप बंद हाय. नवा घालून राह्यलो.”

रुखमा तिथेच मातीत बसली. पत्रू पट्टा घेऊन खाली गेला. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि तिला ते जुळू द्यायचं नव्हतं. थोड्या वेळानं पत्रू वर आला, स्विचघराकडे गेला. ती विहिरीवर परतली आणि वाकली.

ठक्. ठक्. ठक्. जरा थांबून पुन्हा ठक्. ठक्. ठक्.

ती पुन्हा पत्रूकडे आली. आपलाच आवाज आपला नाही असं तिला वाटलं. “त्या पंपाले दट्टे किती हायत गा?”

“तीन.”

“मंग मधी थांबते काऊन?”

“चाकाचे दात झिजले हायत. तिसऱ्या ठोक्यावर अडखळते.” पत्रूनं हाताचं तेल पुन्हा पुन्हा पुसलं. “नळ विहिरीच्या अंगानं गेला ना. तो घुमते.”

“तुले ठाऊक होतं?”

“चार दिवस झाले. एकदा तिकून चाललो होतो तं ऐकू आलं.” त्याचे डोळे भरले. “कसा सांगू, बाई? जीभच उचलली नाई.”

रुखमा स्विचघरापाशी आली तेव्हा बायांनी विचारलं, “हायत ना ठोके?” ती म्हणाली, “हायत.” खोटं नव्हतंच ते. पोराच्या कपाळावर ओली चिंधी ठेवणाऱ्या मंगलीनं हसून तिच्याकडे पाहिलं, आणि रुखमाला वाटलं, आपल्याला आताच्या आता विजेचा झटका बसून मरण यावं.

का बोलली नाही ती? लोक नंतर पुष्कळ बोलले. बोलणाऱ्यांचं काय जातं! सोमाजी पाणी घुसलं त्या सकाळी मेला नव्हता. रुखमाच्या लेखी तो आजवर जिवंत होता, अंधारात बसून हात दुखेस्तोवर ठोकत होता. ती बोलली की मरणार होता. एकटा तोच नाही, सातही जण. ज्या तोंडानं जिवंत आहेत म्हणून गाव गोळा केलं, त्याच तोंडानं त्यांना मारायचं होतं. आजचा दिवस राहू दे, असं तिनं ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लच्छूचा धाकटा भाऊ बुधू खाणीच्या तोंडाशी उभा राहिला. त्याच्यासोबत वस्तीतली पाच-सहा जवान पोरं होती, डोक्याला दिवे, हातांत लोखंडी सब्बली. सरकार काही करत नाही, तर आम्हीच खाली जातो, पडलेलं छत फोडतो आणि आपली माणसं काढतो, असं त्यांनी ठरवलं होतं. वामनरावांनी प्रत्येकाच्या गळ्यात हार घातला. स्वतः त्यांनी दम्यामुळे वरच थांबायचं ठरवलं होतं. बाया ओवाळत होत्या. पत्रू सगळ्यांच्या पाया पडत होता, “नका जाऊ गा, तिकडचं छत नुसतं टेकलेलं हाय, हात लावला तं खाली येते,” आणि लोक त्याला भेकड म्हणून ढकलत होते.

बुधूनं मंगलीच्या पायाला हात लावला. “वैनी, दादाले घेऊनच येतो.”

“थांब,” रुखमा म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. मग ती वाटेत आडवी झाली आणि ओरडली. “थांब रे बुधू! तिथी कोणी नाई! कोणीच ठोकून नाई राह्यलं!”

तिनं सांगितलं. पट्टा कसा तुटला, ठोके कसे थांबले, पुन्हा कसे सुरू झाले, आणि काल आपण कसं खोटं बोललो. वामनराव म्हणाले, “मॅनेजरनं फोडली हिला.” एक म्हातारी थुंकली. बुधू सब्बल उगारून पत्रूवर धावला. मंगलीनं मात्र रुखमाचा दंड पकडला आणि तिला ओढत विहिरीवर नेलं. मागून सारं गाव आलं.

“ऐक,” रुखमा म्हणाली. मग तिनं पत्रूला हात केला. पत्रूनं स्विचघरातल्या पोराला हात केला.

विहीर मुकी झाली.

मंगली वाकून ऐकत राहिली. इतका वेळ, की लोकांना तिचा तोल जाईल असं वाटलं. शेवटी ती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“तूच जिता ठेवला,” ती रुखमाला म्हणाली, “आन् तूच मारला.”

ती निघून गेली. पंप पुन्हा सुरू करा असं कोणी म्हटलं नाही. स्विचघराच्या दारात कोणी बसलं नाही. दुपारपर्यंत साहेबाची माणसं विटा घेऊन आली. मंगली पोराला घेऊन भामरागडकडे आपल्या भावाकडे गेली, ती रुखमाच्या दारावरून गेली पण थांबली नाही.

त्यानंतर आंबेटोल्याचं जे व्हायचं ते झालं. खाण बंद. कोणाची बदली दुसऱ्या खाणीवर झाली, कोणी बल्लारपुरात रोजीला लागलं. दिवे गेले, बाजार मोडला, क्वार्टरांची दारं-खिडक्या रातोरात नाहीशा झाल्या. वामनराव चंद्रपूरला जाऊन मोठे पुढारी झाले. त्यांचं कुठे अडलं नाही. रुखमाला भाऊ न्यायला आला. ती म्हणाली, “माया माणूस इथीच हाय. मी कुठी जाऊ?” पत्रू राहिला. जिवावर उदार झालेला बुधूही राहिला, कारण त्याला तोंड दाखवायला दुसरं गाव नव्हतं. आणखी चार-सहा घरं राहिली. मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, पडक्या खाणीच्या ढिगाऱ्यातला कोळसा टोपल्यांनी विकला. पहिला उन्हाळा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. रुखमाला त्या उन्हाळ्यात रोज सकाळी उठायचं कशाला, हे स्वतःलाच सांगावं लागे आणि उत्तर सापडत नसे.

उपसा थांबला होता. जमिनीच्या पोटात पाणी हळूहळू चढत होतं, गल्ल्या भरत होत्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पत्रूची बकरी विहिरीवरून ओरडली म्हणून तो पाहायला गेला, तर आत आभाळ दिसलं. विहीर भरली होती. पुढल्या वर्षी तर बादली हातानं बुडावी इतकं पाणी वर आलं.

बुधूनं विहिरीखालची पडीक जमीन फोडली आणि मिरची लावली. रुखमानं वांगी लावली. मिरची अशी लागली की बल्लारपूरच्या बाजारात लोक विचारू लागले, कुठली आहे? ते ऐकून एक घर परत आलं, मग दुसरं. क्वार्टरांच्या पडक्या ओळींत पुन्हा धूर दिसू लागला. विहारात दिवा लागला. हिवाळ्यात कोणीतरी म्हणालं, यंदा नाटक आणू का रे? आणि लोक बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले.

पण ते पाणी कोणी पीत नव्हतं. पिकाला चाले, बैलाला चाले, धुण्याला चाले. पिण्याचं पाणी बाया अर्ध्या कोसावरच्या झऱ्यावरून आणत. ज्या पाण्यात सात माणसं आहेत ते तोंडाला कसं लावायचं? कोणी उघड बोलत नव्हतं, एवढंच. रुखमाही पीत नव्हती. पंप तिच्या हाताच्या खुणेवर थांबला होता. ते पाणी तिनं सोडलं होतं, आपल्या माणसावर.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात मंगली आली. डोक्यावर बोचकं, मागे उंच झालेला पोरगा. ती कोणाच्या घरी गेली नाही, सरळ विहिरीवर आली. बाया धुणं टाकून उभ्या राहिल्या. रुखमा वांग्यांना पाणी देत होती. तिनं पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

मंगलीनं बोचकं उतरवलं. बादली सोडली, भरून काढली. पहिली धार तिनं आपल्या गोंड लोकांच्या रीतीनं जमिनीवर सोडली, लच्छूचं नाव घेतलं, मग सोमाजीचं, मग एकेक करत सातही नावं घेतली. मग ओंजळीनं घटाघट पाणी प्यायली. पोराला पाजलं. तोंड पुसून तिनं रुखमाकडे पाहिलं.

“इकडं ये वो.”

रुखमा गेली.

“हात कर,” मंगली म्हणाली.

रुखमानं ओंजळ पुढे केली. मंगलीनं बादली कलती केली.

“पे. तुयाही माणूस हाय याच्यात.”

रुखमानं ओंजळ तोंडाला लावली. पाणी थंड होतं, गोड होतं. दोन घोट गेले आणि तिला हुंदका फुटला, पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. मंगली ओतत राहिली.